कबनूर शहरात धरायचं का? एका पोस्टडॉकचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण आहे शहरांवर काम करणाऱ्या एका पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतर मुदतीच्या जागेवर संशोधन करणारीचं. तिनं लिहायला परवानगी दिली ती दोन अटींवर. तिचं नाव नको, आणि युरोपातल्या ज्या ग्रुपमध्ये ती होती त्याचं शहर नको. गाव मात्र राहू दे म्हणाली. गावाशिवाय तिचं संशोधनही कळत नाही आणि निर्णयही कळत नाहीत. म्हणून इचलकरंजी आणि शेजारचं कबनूर तसंच ठेवलं आहे. बाकी काही तपशील पुसट केले आहेत.

पार्श्वभूमी

तिचे वडील इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकतात. बी.एस्सी. कोल्हापूरला झालं, एम.एस्सी. पुण्यात. तिथं मी तिला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवलं, त्यामुळे अजूनही मी 'मॅडम' आणि ती 'तू'. पीएच.डी. दक्षिणेतल्या एका संस्थेत केली. विषय होता वाहतुकीची कोंडी. गाड्या म्हणजे एका रेषेवर पुढेपुढे सरकणारे कण, असं मानून केलेलं हे भौतिकशास्त्र. १९९२ मध्ये नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी मांडलेलं प्रारूप या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. गाडी वेग वाढवते, पुढची गाडी जवळ आली की कमी करते, आणि मधूनच, काही कारण नसताना, जरा हळू होते. या 'काही कारण नसताना' मुळेच मोकळ्या रस्त्यावर आपोआप कोंडी उभी राहते.

जानेवारी २०२१ मध्ये तिची तोंडी परीक्षा ऑनलाइन झाली. मग आठ महिने ती घरी होती. तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवलं, तेही मोबाइलवरून. सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपात पोस्टडॉक मिळाली, अडीच वर्षांची. ग्रुप 'अर्बन सायन्स आणि कॉम्प्लेक्स सिस्टिम्स'चा. घरी तिनं सांगितलं, 'शहरांचं गणित.' वडील म्हणाले, 'म्हणजे टाउन प्लॅनिंग?' ती नाही म्हणाली. मग काय, ते तिलाही नीट सांगता आलं नाही. हा प्रसंग ती हसत सांगते, पण पुढची निम्मी अडचण यातच आहे.

क्षेत्राबद्दल थोडं सांगायला हवं. २००७ मध्ये बेटनकोर्ट, लोबो, हेल्बिंग, क्यूनर्ट आणि वेस्ट यांचा लेख आला आणि भौतिकशास्त्रवाल्यांची नजर शहरांकडे वळली. शहरातली उत्पन्नं, पेटंटं यांसारख्या गोष्टी लोकसंख्येच्या साधारण १.१५ व्या घातानं वाढतात, आणि रस्ते, केबल, पेट्रोलपंप अशा सोयी साधारण ०.८५ व्या घातानं, असं त्यांनी दाखवलं. सोप्या भाषेत, वस्ती दुप्पट झाली की माणशी उत्पन्न सुमारे ११ टक्क्यांनी वाढतं आणि माणशी रस्ता सुमारे १० टक्क्यांनी कमी पुरतो. एवढ्या साध्या समीकरणात शहर बसतं म्हटल्यावर कोणाही भौतिकशास्त्रज्ञाच्या तोंडाला पाणी सुटेल. लंडनमध्ये मायकेल बॅटी यांनी १९९५ मध्ये उभं केलेलं 'कासा' हे संशोधन केंद्र होतंच. पुढं शिकागो विद्यापीठात मन्सुएटो इन्स्टिट्यूट आली, व्हिएन्नात कॉम्प्लेक्सिटी सायन्स हब आलं. अमेरिकेतली सांता फे इन्स्टिट्यूट १९८४ पासूनची. या सगळ्या ठिकाणी पोस्टडॉकच्या जागा असतात. कायमच्या जागा मात्र बहुतेक विद्यापीठांत विभागांच्या असतात, आणि विभागांची नावं अजून जुनीच आहेत.

अडचण

मे २०२३ मध्ये एका रविवारी तिचा फोन आला. करार फेब्रुवारी २०२४ ला संपत होता. तिनं जे सांगितलं ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं, म्हणून क्रम पक्का आठवतो.

पहिली गोष्ट डेटाची. ग्रुपचं मुख्य काम एका मोबाइल कंपनीच्या नोंदींवर चालायचं. कुठल्या टॉवरवर कोणत्या तासाला किती फोन, एवढंच, नावं-नंबर काही नाही. तरीही तो डेटा कंपनीच्या सर्व्हरवरच बघायचा, बाहेर न्यायचा नाही. लेख पाठवण्याआधी तो कंपनीला दाखवायचा. तिचा पहिला मोठा लेख या दाखवण्यातच सात महिने अडकला होता. कंपनीच्या कायदा विभागातला माणूस बदलला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. लेखाला अकरा लेखक. प्रथम लेखक, म्हणजे मुख्य श्रेय ज्याचं मानलं जातं तो, ती की डेटाचा सगळा पसारा सांभाळणारा सहकारी, हे ठरलेलं नव्हतं. ग्रुपचे प्रमुख वाईट गृहस्थ नव्हते, हेही सांगते. त्यांना भांडण नको होतं, म्हणून ते ठरवतच नव्हते.

दुसरी गोष्ट तिच्या स्वतःच्या लेखाची. शनिवार-रविवारी बसून तिनं भारतातल्या शहरांचे घातांक (वरच्या १.१५, ०.८५ सारखे आकडे) काढले होते. या विषयावर आनंद सहस्रनामन आणि लुईस बेटनकोर्ट यांचा लेख २०१९ मध्ये येऊन गेला होता, म्हणजे मैदान रिकामं नव्हतं. तिनं नवा मुद्दा आणला होता रस्त्यांच्या जाळ्याचा, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून. लेख तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनं एका वाक्यात पाणी फिरवलं: तुम्ही 'शहर' कशाला म्हणता? तिनं महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दी धरल्या होत्या. एल्सा अर्काउट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्सच्या बाबतीत २०१५ मध्ये दाखवून दिलं आहे की शहराची सीमा वेगळी आखली की घातांकही बदलतो, कधी एकच्या वरचा खाली येतो. रिव्ह्यूअरनं नेमका तोच लेख पुढं केला.

हे ऐकून मला तिच्या गावाचीच आठवण झाली. इचलकरंजी २०११ ला नगरपालिका होती, हद्दीत सुमारे २ लाख ८७ हजार लोक. महापालिका झाली २०२२ मध्ये. शेजारचं कबनूर इतकं लागून आहे की रिक्षावाल्यालाही हद्द सांगता येणार नाही. पण २०११ च्या जनगणनेत कबनूर 'सेन्सस टाउन', म्हणजे जनगणनेच्या हिशेबात शहर आणि कारभाराला ग्रामपंचायत. सेन्सस टाउनचे निकष असे: किमान ५,००० लोक, चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. अशी गावं देशात २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. पुण्याचंच बघा. महापालिकेची लोकसंख्या धरली तर ३१ लाख, पिंपरी-चिंचवडसह सगळा नागरी समूह धरला तर ५० लाखांवर. आलेखावर पुण्याचा ठिपका कुठं टाकायचा?

'मॅडम, मी कबनूर शहरात धरलंच नाही,' ती म्हणाली. 'माझी आत्या तिथं राहते.'

तिसरी गोष्ट वयाची आणि घराची. बत्तिशी गाठायला सहा महिने उरले होते. भारतात परतायचं तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२. नवरा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. लग्नानंतर तीन वर्षांत दोघं सलग एकत्र राहिले ते एकूण अकरा आठवडे, हा हिशेबही तिनंच सांगितला. तो फोनवर काही बोलायचा नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं.

समोरचे पर्याय

आम्ही पाच पर्याय लिहिले. दोन लगेच मागं पडले, तीन शेवटपर्यंत राहिले.

*आहे तिथंच एक वर्ष.* प्रमुखांनी बारा महिन्यांची मुदतवाढ देऊ केली होती. पैसा मोबाइल कंपनीच्या प्रकल्पातून, म्हणजे काम पूर्णवेळ त्याच डेटावर. वर्षाखेरीस हाती दोन लेख येतील, दोन्ही अकरा-बारा जणांचे, आणि त्यानंतर त्या डेटाला तिला हात लावता येणार नाही. पोस्टडॉकमध्ये हे फार घडतं आणि बोललं कमी जातं. माणूस निघतो तेव्हा त्याचं कौशल्य त्याच्याबरोबर जातं, सामग्री जात नाही. नव्या जागेच्या मुलाखतीत 'पुढच्या पाच वर्षांत काय करणार?' याला 'जे करत होते तेच' हे उत्तरच देता येत नाही.

*मारी क्युरी फेलोशिप.* युरोपीय महासंघाची ही पोस्टडॉक फेलोशिप साधारण दोन वर्षांची असते आणि प्रस्ताव स्वतःचा असतो. अर्जाची तारीख होती १३ सप्टेंबर २०२३, निकाल फेब्रुवारीत. नियम असा की ज्या देशात जायचं, तिथं आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आहे तो देश बाद. तिला इटलीतला एक ग्रुप आवडला होता. पोर्तुगालमधल्या एका प्राध्यापकांनीही होकार दिला होता, पण त्यांचा ग्रुप लहान, नाव कमी. दहा पानांचा प्रस्ताव. गुणांत उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०.

*अमेरिकेतल्या फेलोशिप.* दोन जागा तिला नेमक्या बसत होत्या. अर्ज कमी कष्टाचे, स्पर्धा जबर. अर्ज करून टाकायचे ठरले.

*भारतात परत.* इन्स्पायरमध्ये पाच वर्षं, दरमहा १ लाख २५ हजार आणि संशोधनासाठी वर्षाला ७ लाख. त्यासाठी यजमान संस्था हवी आणि विषयाचं खातं निवडावं लागतं. परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठीच्या रामानुजन फेलोशिपची वयोमर्यादा ४०, ती नंतरही चालली असती. थेट सहायक प्राध्यापकाच्या जागा हा तिसरा रस्ता.

*नोकरी.* पुण्यातल्या एका कंपनीकडून विचारणा होती, माल पोचवणाऱ्या गाड्यांचे मार्ग आखण्याचं काम. पगार चांगला, नवरा त्याच शहरात. ती म्हणाली, 'आत्ता गेले तर पळून गेल्यासारखं वाटेल.' माझ्या मते हे कारण पुरेसं नव्हतं, आणि मी तसं म्हटलंही. पण आयुष्य तिचं.

निर्णयाच्या जागा

*मुदतवाढ.* पहिला निर्णय इथं झाला आणि तो तिनं एकटीनं घेतला. बारा महिन्यांऐवजी सहा महिने मागितले, आणि आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या कामाला. बदल्यात मोबाइलच्या लेखात प्रथम लेखकपणाचा हट्ट सोडला. हे सगळं बोलणं झाल्यावर तिनं ईमेल पाठवलं: 'आज ठरलं ते असं समजते, काही चुकलं असेल तर कळवावं.' प्रमुखांनी 'बरोबर' एवढंच उत्तर दिलं. पुढं नोव्हेंबरमध्ये कंपनीची घाई सुरू झाली आणि दोन दिवस काढून घ्यायची भाषा झाली, तेव्हा ते एका शब्दाचं उत्तर कामाला आलं.

प्रथम लेखकपण सोडणं मला त्या वेळी पटलं नव्हतं. दीड वर्षाचं काम असं दुसऱ्याच्या पदरात कशाला टाकायचं? तिचं म्हणणं होतं की त्या लेखात ती पहिली असली तरी तो 'त्या डेटाचा लेख' म्हणूनच ओळखला जाईल.

*शहराची व्याख्या.* मिळालेले दोन दिवस तिनं कबनूरवर घालवले, असं आम्ही गमतीनं म्हणतो. नगरपालिकांच्या हद्दी सोडून तिनं सगळी शहरं नव्यानं आखली. २०२० च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं मान्य केलेली एक पद्धत आहे. जमिनीचे एक-एक चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे, ज्यांत किमान १,५०० लोक आहेत असे लागून असलेले चौकोन जोडत जायचे, आणि जोडलेल्या पुंजक्यात किमान ५०,००० लोक भरले की ते 'नागरी केंद्र'. यासाठी युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा खुला डेटा मिळतो. कोणाची परवानगी नको, कोणाचा सर्व्हर नको. कबनूर आपोआप इचलकरंजीत गेलं.

अर्थात यातही खोट आहे. या चौकोनांतली लोकसंख्या शेवटी जनगणनेच्याच आकड्यांतून, उपग्रहाला दिसणाऱ्या बांधकामाच्या प्रमाणात वाटलेली असते. जिथं घराघरात माग आहेत तिथं बांधकाम म्हणजे माणसंच असं नाही. हे तिच्या लक्षात आलं कारण ती त्या घरांतून वाढली होती. आणखी एक गोष्ट तिला सापडली. २०११ च्या जनगणनेत कामाला जायचं अंतर आणि साधन विचारलं गेलं, पण ते कोष्टक फक्त 'इतर कामगारां'चं. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले त्यात नाहीत. घरातच माग चालवणारा माणूस त्या कोष्टकाला दिसतच नाही. भारतात शहरनिहाय सकल उत्पन्नाचे अधिकृत आकडे नाहीत, म्हणून लोक रात्रीचा उजेड उत्पन्नाच्या जागी वापरतात. रात्रपाळीचे माग चालणाऱ्या गावात त्या उजेडाचा अर्थ काय लावायचा, यावर तिनं लेखात एक परिच्छेद टाकला. माझ्या मते लेखातला तो सर्वांत चांगला परिच्छेद.

लेखाचा सूरच त्यामुळे बदलला. आधी प्रश्न होता 'भारतात घातांक किती?' आता झाला 'सीमा बदलल्यावर कोणते घातांक हलतात आणि कोणते जागेवर राहतात?' काही हलले, काही राहिले. छापून यायच्या आधीचा मसुदा, म्हणजे प्रीप्रिंट, अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर 'फिजिक्स अँड सोसायटी' या वर्गात ऑक्टोबर २०२३ मध्ये टाकला.

*पॅनेल.* मारी क्युरीचे अर्ज विषयवार पॅनेलांत विभागले जातात: भौतिकशास्त्र, गणित, पर्यावरण, अभियांत्रिकी, समाजशास्त्र-मानव्य वगैरे आठ. तिचा प्रस्ताव तीन ठिकाणी बसू शकत होता. इथं चूक माझी. मी म्हटलं, भौतिकशास्त्रात तुझ्यासमोर क्वांटमवाले असतील, त्यांना हे हलकं वाटेल, समाजशास्त्रात टाक, तिथं तुझं गणित उठून दिसेल. गणित उठून दिसलं. परीक्षकांच्या अहवालात मात्र लिहून आलं की नगरअभ्यासातल्या सिद्धांतांची दखल तुटपुंजी आहे, आणि 'अनौपचारिक वस्ती'सारखे शब्द व्याख्या न करता वापरले आहेत. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांच्याच भांड्यांना नवी नावं ठेवल्यासारखं ते झालं होतं. प्रस्ताव पाठवण्याआधी एकाही नगरअभ्यासकाला वाचायला दिला नव्हता. आमच्या ओळखीचे सगळे भौतिकशास्त्रवाले, ते 'छान' म्हणाले आणि आम्ही खूश झालो.

*देश.* इटली की पोर्तुगाल, यात तिनं इटली निवडली, मोठ्या नावासाठी. त्या वेळी एक गोष्ट तिनं वाचली होती पण तोलली नव्हती. ज्या देशांना महासंघ संशोधनात मागे पडलेले मानतो, आणि त्यांत पोर्तुगाल, ग्रीस, पोलंड, झेकिया येतात, तिथल्या यजमानांसाठी ईआरए फेलोशिप अशी आणखी एक तरतूद आहे. मारी क्युरीच्या अर्जातच तिच्यासाठी संमती देता येते. मुख्य यादीत नाव आलं नाही तर तोच अर्ज, वेगळं काही न लिहिता, तिथं विचारात घेतला जातो. इटली त्या देशांत नाही.

*इन्स्पायर.* अर्ज केलाच नाही. कारणं तेव्हा वाजवी वाटली. सप्टेंबरपर्यंत मारी क्युरीच्या दहा पानांनी सगळा वेळ खाल्ला, यजमान संस्थेचं पत्र मिळवायला दोन महिने लागतील असं कळलं, आणि 'विषय' या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही दोघी तीन वेळा फोनवर बोलून काहीच ठरवलं नाही. मग नोव्हेंबर गेला.

काय झालं

फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल. १०० पैकी ८९. त्या वर्षी ८,०३९ अर्ज आले होते, १,२४९ जणांना फेलोशिप मिळाली. ८५ किंवा त्याहून जास्त गुण असले की 'सील ऑफ एक्सलन्स' नावाचं प्रशस्तिपत्र मिळतं, तेवढं हाती आलं. प्रशस्तिपत्रावर काही ठिकाणी स्थानिक निधी मिळतो. तिच्या यजमान संस्थेकडे त्या वर्षी तसं काही नव्हतं. अमेरिकेतल्या एका ठिकाणाहून नकाराचं छापील ईमेल आलं. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत झाली, चांगली झाली, जागा दुसऱ्याला मिळाली.

मग भारतातले अर्ज. एका भौतिकशास्त्र विभागानं परिसंवादाला बोलावलं. व्याख्यान संपल्यावर पहिलाच प्रश्न आला, 'यात भौतिकशास्त्र कुठं आहे?' प्रश्न खवचट नव्हता, असं ती म्हणते. विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एका सिव्हिल विभागात, जिथं वाहतूक अभियांत्रिकीची जागा होती, अर्ज छाननीतच बाजूला गेला. पदवी त्या शाखेची नाही.

तिसरा अर्ज एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या सार्वजनिक धोरणाच्या केंद्रात होता. तिथं अट होती पीएच.डी.नंतरच्या तीन वर्षांच्या अनुभवाची. तासिका तत्त्वावरचे आठ महिने कोणी धरले नाहीत. सप्टेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२४, बरोबर तीन वर्षं भरली, ती त्या सहा महिन्यांच्या मुदतवाढीमुळे. मुदतवाढ मागताना हा हिशेब तिच्या डोक्यात नव्हता, माझ्याही नाही. नियमित जागेऐवजी कंत्राटी जागेवर समाधान मानावं लागलं असतं, इतका तो फरक होता.

मुलाखतीत समितीतल्या एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तिचा नकाशा बघून विचारलं, 'तुमच्या नकाशात कबनूर इचलकरंजीत आहे. मग कबनूरच्या नळाला पाणी आलं नाही तर माणूस कुठं जाईल?' तिनं सांगितलं, ग्रामपंचायतीत, आणि माझ्या समीकरणाला ते कळत नाही. मग आत्याच्या घरचा अनुभव सांगितला. आर्थिक सीमा आणि कारभाराची सीमा यांतलं अंतर स्वतंत्रपणे मोजता येईल का, या प्रश्नावर उरलेली वीस मिनिटं गेली. नेमणुकीचं पत्र सहा आठवड्यांनी आलं.

जानेवारी २०२५ पासून ती तिथं सहायक प्राध्यापक आहे. धोरणाच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. भारतीय शहरांवरचा लेख २०२४ च्या अखेरीस छापून आला, तिच्यासह दोनच लेखक. मोबाइलचा लेख त्याच्याही नंतर आला. नवरा अजून पुण्यात आहे, आता अंतर रात्रीच्या रेल्वेचं.

वेगळं काय करता आलं असतं

पॅनेलबद्दल माझं मत बदललं आहे. अशा प्रस्तावाला पॅनेल निवडताना 'कुठं उठून दिसेल' हे बघू नये. परीक्षक कोणते ग्रंथ आणि लेख वाचलेले असतील, आणि त्यातले आपण किती वाचले आहेत, हे बघावं. ती पर्यावरणाच्या पॅनेलमध्ये गेली असती तर तिची उपग्रहाच्या डेटाची बाजू नीट मोजली गेली असती, असं मला आता वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

पोर्तुगालच्या बाबतीत ती स्वतःवर जास्त चिडते. ८९ गुणांवर ईआरए फेलोशिप मिळाली असतीच असं नाही, पण एका अर्जात दोन दारं होती आणि तिनं एक बंद करून ठेवलं. यजमानाचं नाव किती मोठं हे उत्कृष्टतेच्या गुणांत थोडं मोजलं जातं. तो ग्रुप तिच्या प्रश्नावर किती वेळ देणार, हे त्याहून जास्त मोजलं जातं. पोर्तुगालच्या प्राध्यापकांनी तिच्या मसुद्यावर चार पानं शेरे पाठवले होते. इटलीहून 'उत्तम, पाठवा' असं दोन शब्दांचं उत्तर होतं. तेव्हाच कळायला हवं होतं.

डेटाच्या कराराबद्दल आम्ही दोघी सहमत आहोत. सप्टेंबर २०२१ मध्ये रुजू होताना तिनं तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या: निघाल्यावर विश्लेषणाचा कोड बरोबर नेता येईल का, शहरपातळीची एकत्रित आकडेवारी तरी वापरता येईल का, आणि कंपनीनं लेख किती दिवसांत तपासून द्यायचा. तिसऱ्याचं उत्तर करारात होतं, साठ दिवस. कोणी वाचलं नव्हतं, प्रमुखांनीही नाही. सात महिन्यांनी ते वाक्य सापडलं तेव्हा लेख आठ दिवसांत सुटला.

इन्स्पायरचा अर्ज न करणं ही मला सगळ्यांत महागडी चूक वाटते. तिला तसं वाटत नाही. तिचं म्हणणं, 'तेव्हा अर्ज केला असता तर विषयाच्या रकान्यात भौतिकशास्त्र लिहिलं असतं आणि पाच वर्षं 'यात भौतिकशास्त्र कुठं आहे' याचं उत्तर देत बसले असते.' शक्य आहे. पण वर्षाला सात लाखांच्या संशोधन निधीवर एक विद्यार्थी आणि दोन उन्हाळ्यांचं क्षेत्रकाम झालं असतं, आणि आज ती त्यासाठीच प्रस्ताव लिहीत बसली आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. नवे आकडे यायच्या आत इचलकरंजीच्या आसपासच्या दहा-बारा गावांत घरातले माग मोजायचे आहेत, म्हणजे बांधकाम आणि माणसं यांचं गुणोत्तर स्वतःच्या हातानं काढता येईल. पैसे अजून आलेले नाहीत. या सुट्टीत ती आत्याकडे उतरून कबनूरच्या दोन गल्ल्या स्वतः मोजून आली.

पुण्याच्या कंपनीचा विषय निघाला की मात्र आम्ही दोघी गप्प बसतो. मी अजूनही म्हणते की ते 'पळून जाणं' नव्हतं. ती म्हणते, मॅडम, तुम्हाला पेन्शन आहे.